चेहरा तेवढा घे

१७ जानेवारी

प्रिय वन्सं,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच बाजूला ठेवशील, अशी मला धास्ती होती. म्हणून आत जाड काहीतरी घातलंय. जाड पाकीट समोर असताना गप्प बसणाऱ्यांतली तू नाहीस.

'वन्सं' म्हणायचा हक्क मला अजून आहे का, ठाऊक नाही. सह्या होऊन वर्ष उलटलं. पण निवडणुकीत पडलेल्यालाही लोक माजी आमदार म्हणतात, तशी मी माजी वहिनी, असं धरून चाल. आणि दुसरं म्हणू तरी काय? मी नवी असताना आईंनी बजावलं होतं, नणंदेला वन्सं म्हणायचं. ते ऐकून तू ओट्यावर बसल्या बसल्या इतकी हसलीस की चहा नाकातून बाहेर आला. मग ते तुझं नावच पडलं.

भांडायला लिहीत नाही, समेट करायलाही नाही. मी एक कॅमेरा घेतलाय आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये. एवढंच.

मी अजून बस डेपोतच आहे, हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर. छत्र्या, डबे, एका पायाचे बूट. एकदा एक कवळी आली होती. तिचा मालक आला नाही. कुठे हरवली ते त्याला सांगता येत नसेल, तोंडात दात नसल्यामुळे. ज्या वस्तूंना कुणी वाली नसतो, त्या वर्षाकाठी आम्हालाच किरकोळीत देऊन टाकतात. सगळे छत्र्यांवर तुटून पडले. कॅमेरा कुणी घेईना, कारण तो अर्धवट बिघडलेला आहे. त्याचा झूम पुढे येऊन अडकलाय, परत आत जात नाही. सारखं नाक खुपसून बसल्यासारखा दिसतो. बॅटरीचं झाकण रबरबँडने बांधलंय. पण बटण दाबलं की फोटो येतो, आणि तो माझा असतो.

स्टँड घ्यायची ऐपत नाही, म्हणून जुन्या मोज्यात तांदूळ भरून गाठ मारली. खुर्चीच्या पाठीवर तो मोजा ठेवायचा आणि त्यात कॅमेरा रुतवायचा, अजिबात हलत नाही. शर्टाच्या खोक्यातला पांढरा पुठ्ठा धरला की चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूवर उजेड पडतो. पुस्तकं वाचनालयातून आणते. कोपऱ्यावरचे पासपोर्ट फोटोवाले काका मला प्रिंट काढून देतात, आणि वर म्हणतात, 'बाई, हा कॅमेरा आहे की दुर्बीण?'

फोनवर पाठवले असते, पण माझा नंबर तू बंद करून ठेवलायस. तक्रार नाही करत. फोनवरचा फोटो एका बोटाने पुसता येतो, कागदाचा निदान फाडावा तरी लागतो.

सोबत तीन आहेत. डेपोतल्या छत्र्या, माझ्या खिडकीवरचा पक्षी (हललाय), आणि मटार सोलणारे हात. हात कुणाचे ते सांगत नाही. उजव्या अंगठ्यावरचा भाजल्याचा डाग बघ.

भाऊजींना नमस्कार.

तुझी माजी वहिनी


२१ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

उत्तर आलं नाही, पण पाकीटही परत आलं नाही. म्हणजे दार उघडं नसलं तरी कडी घातलेली नाही, असं मी समजते.

हो, ते हात आईंचेच. मी त्यांना दर रविवारी भेटते. तुझ्या दादाला माहीत आहे, त्याची ना नाही. तो महिन्यातून एकदा येतो तेव्हा मी जात नाही. आम्ही दोघं काही वाईट माणसं नव्हतो गं. एका छपराखाली जमलं नाही, इतकंच. ते तुला पटवायला हे लिहीत नाही.

आईंना फोटो काढून घ्यायची इतकी हौस असेल, असं कधी वाटलं होतं का तुला? मी पोचायच्या आत केस विंचरून, तो राखाडी स्वेटर घालून खिडकीशी बसलेल्या असतात. वर तोंडाने मात्र, 'या वयात कसले फोटो, तुला उद्योग नाहीत.' मी पुठ्ठा काढला की हनुवटी आपोआप वर जाते.

त्यांची अट एकच. 'चेहरा तेवढा घे. मागचंपुढचं काही नको.' माझ्या कॅमेऱ्याला ते सोयीचंच आहे. झूम अडकलेला, त्यामुळे त्यात चेहऱ्याखेरीज फारसं काही मावतच नाही.

पण त्यामुळे एक झालं. इतकी वर्षं मी त्यांच्या घरात राहिले, त्यांच्या हाताखाली राबले, त्यांच्याशी दोन हात केले, पण त्यांच्या डोळ्यांचा रंग मला ठाऊक नव्हता. काळे असतील, असं धरून चालले होते. खिडकीचा उजेड कडेने आला तेव्हा दिसलं, दूध घालायच्या आधी चहाचा असतो ना, तसा रंग आहे. मी ते बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, 'तुझ्या सासऱ्यांनाही नव्हतं माहीत. तेव्हा कोण बघत होतं एवढं निरखून?' आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. तो फोटो सोबत आहे. काकांनी तो प्रिंट करताना एकदाही दुर्बिणीचा विनोद केला नाही.

तुझा फोन येतो म्हणून सांगत होत्या. 'तोंड दाखवायचा फोन' घे म्हणून तू पाठीस लागतेस आणि त्या ऐकत नाहीत, हेही सांगितलं. बटणांचाच फोन बरा म्हणतात.

तुझी मा. व.


१५ मार्च

प्रिय वन्सं,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, एक ओळ. पण अक्षर तुझं होतं, तेच पुढे पळणारं, आणि मी ती ओळ डेपोच्या खिडकीत बसून इतक्यांदा वाचली की एक बाई तिची छत्री न घेताच परत जायला निघाली होती.

तू विचारलंस, 'आईच्या मागे जो पिवळा पडदा आहे तो कुठला?'

मी तुझा प्रश्न आईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, लिही की नवा घेतला. मी म्हटलं, आई, खोटं मी लिहिणार नाही. त्यावर म्हणाल्या, 'मग पडद्याचं लिहूच नकोस. फोटोचं लिही.' तेव्हा पडद्याचं तू त्यांनाच विचार. मी शब्द दिलाय. आई बऱ्या आहेत, दोन वेळा नीट जेवतात, आणि माझ्याशी पूर्वीइतक्याच भांडतात. एवढं माझ्या अधिकारात सांगते.

आता फोटोचं लिहिते.

आईंचे फोटो बघून त्यांच्या मैत्रिणींनाही हुरूप आला. एक आहेत, पूर्वी बसमध्ये कंडक्टर होत्या. आमच्या डेपोचीच माणसं त्यांच्या ओळखीची निघाली. त्यांना हसताना फोटो हवा होता, पण कॅमेरा समोर आला की त्या तिकीट न काढलेला प्रवासी पकडल्यासारख्या बघतात. शेवटी आईंनी बाजूला उभं राहून काहीतरी पुटपुटलं. काय ते मला कळलं नाही, आणि कळू नये असंच असावं, पण बाई अशा हसल्या की स्वेटरचं बटण तुटलं. तो क्षण मला सापडला.

दुसऱ्या एक आहेत, त्यांचे केस कमरेच्या खाली येतात, पांढरेशुभ्र. त्यांनी सांगितलं, 'मागून काढ. पुढून आता काय राहिलंय? पण हे बघ.' आणि अंबाडा सोडला. मी पुस्तकात वाचलेलं सगळं विसरले. नुसतं बटण दाबलं.

फार दिवसांनी मी कशात तरी रमले आहे, वन्सं. आठवडाभर सांडलेल्या, विसरलेल्या वस्तूंत बसायचं, आणि रविवारी माणसं बघायची. घरी आले की मोठ्या पडद्यावर बघायची सोय नाही, म्हणून कॅमेऱ्याच्याच इवल्याशा काचेवर भिंग धरून एकेक बघते. सोबत केसांचा फोटो ठेवतेय. आतापर्यंतचा तो सगळ्यात चांगला.

भाऊजींना नमस्कार.

तुझी मा. व.


१२ एप्रिल

वन्सं,

या वेळी चार पानं आली. मी ती उभ्यानेच वाचली.

केसांच्या फोटोत कडेला, भिंतीला लावलेला लाकडी कठडा आलाय, तो मला दिसलाच नव्हता. तुला दिसला. तू लिहिलंयस, असे कठडे घरात नसतात, दवाखान्यात असतात नाहीतर म्हाताऱ्यांना ठेवतात तिथे. जनावरांच्या का होईना, तूही दवाखान्यातच काम करतेस, तुला ते पटकन कळणारच. पुढे लिहिलंयस, 'दादाने घर सोडलं का? आईला तू तुझ्याकडे ठेवलंयस का? की तिला कुठे टाकलंय?' 'टाकलंय' हा शब्द तू खोडलायस आणि परत तोच लिहिलायस.

मी ती पानं घेऊन आईंकडे गेले. रविवारची वाट बघितली नाही, डेपोतून अर्धी सुट्टी टाकली. सगळं वाचून दाखवलं, माझ्याबद्दलचं होतं तेही. आई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, 'कॅमेरा आणलायस?'

मी हो म्हटलं.

'मग सगळं घे. खोली, खाट, तो कठडा, सगळं.'

त्यांनी स्वतः उठून पिवळा पडदा बाजूला केला. मग खाटेवर बसल्या, पण आधी उशी ठोकून सरळ केली. तुला तर माहीतच आहे, पाहुणे यायचे म्हटलं की त्या आधी उशा ठोकतात.

पण माझा हा कॅमेरा! भिंतीला पाठ लावून उभी राहिले तरी आईंचा खांदा आणि कपाटाचं एक दार, यापलीकडे त्यात काही येईना. दारात गेले तर अर्धी खाट आली. बोळात गेले, अजून पुरेना. तेवढ्यात समोरच्या खोलीतल्या कंडक्टरबाईंनी त्यांचं दार उघडलं आणि म्हणाल्या, 'मागे या, मागे भरपूर जागा आहे.' जन्मभर लोकांना पुढे सरका म्हणून ओरडलेली बाई मला मागे सरका म्हणत होती. मी मागे मागे जात त्यांच्या खिडकीपर्यंत पोचले. खुर्चीवर मोजा ठेवला, कॅमेरा रुतवला. बोळातून जाणारे सगळे भिंतीला चिकटून थांबले. आईंना मी लांबूनच खूण केली, हलू नका. त्यांनी श्वाससुद्धा धरला.

तो फोटो सोबत आहे. एक खाट, एक कपाट, एक खुर्ची, खिडकीत कुंडी. दारावरची वृद्धाश्रमाची पाटी वाचता येते. आधी तो नीट बघ, मग पुढचं वाच.

आता त्यांनी सांगितलेलं, जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करते.

तुझ्या दादाला दुसऱ्या शहरात काम मिळालं. तो त्यांना घेऊनही गेला होता. उंच इमारत, दिवसभर घरात एकट्या, लिफ्टमध्ये भेटेल तेवढंच माणूस. काही दिवस त्यांनी काढले. मग दादाला म्हणाल्या, मला परत नेऊन सोड. जुनं भाड्याचं घर तर सुटलं होतं. लांब केसांच्या त्या मैत्रीणबाई इथे आधीपासून राहत होत्या. आईंनी येऊन जागा बघितली, स्वयंपाकघरात डोकावल्या, आणि ठरवून टाकलं. दादा रडला म्हणे. त्यांनी त्यालाच समजावलं. इथे राहायला आल्यावर त्यांनी मला फोन केला, 'मी हॉस्टेलला आलेय. रविवारी येतेस का?' अजूनही त्या याला हॉस्टेलच म्हणतात.

'तिला लिही,' त्या म्हणाल्या, 'मला कुणी टाकलं नाही. मी काय छत्री आहे, बसमध्ये विसरून जायला? मी माझ्या पायांनी आले.'

मी विचारलं, मग तिच्यापासून का लपवलंत? त्या मागचं सांगू लागल्या. तुझे बाबा गेले तेव्हा तू नोकरी सोडून धावत आलीस आणि वर्षभर हललीच नाहीस. आईंना दिसत होतं, तुझा जीव तिकडे आहे आणि पाय इथे. 'पुन्हा माझ्यामुळे तिचं पाऊल अडकायला नको,' असं म्हणाल्या. 'कळलं की ती उभ्या उभ्या येईल आणि मला नाही म्हणता येणार नाही. कारण मनातून मला ती यायलाच हवी असते.'

हे शेवटचं वाक्य त्यांनी लिहू नकोस म्हणून सांगितलं होतं. मी लिहिलं. ओरडतील, ओरडू देत.

आणि तू माझ्याबद्दल जे लिहिलंयस, 'हिचा आता काय संबंध?', त्यावर त्यांचं उत्तर असं: 'घटस्फोट त्याचा झालाय. माझा कुणी घेतलाय?'

मला तेव्हा कॅमेरा पुसायचं काम अचानक आठवलं.

तुझी वहिनी


९ मे

प्रिय वन्सं,

आईंनी सांगितलं तुझा फोन आला होता. तासभर बोललात, आणि त्यातला अर्धा वेळ दोघी नुसत्या नाक ओढत होतात, असं कंडक्टरबाईंकडून कळलं. आई म्हणतात सर्दी झाली होती.

तुझं पत्रही मिळालं. माफी वगैरे राहू दे. आपल्यात ते कधी नव्हतं, भांडून झाल्यावर चहा टाकायचा एवढीच रीत होती. माझा नंबर तू पुन्हा चालू केलास हे मला दिसलं, पण मी फोन करणार नाही आणि तूही करू नकोस इतक्यात. पत्रांची चटक लागली आहे.

आणि हे काय, तूही फोटो काढायला लागलीस? जुन्या फोनवर? गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घातलेलं ते कुत्रं बघून सगळं हॉस्टेल हसलं. मांजराचा चेहरा मात्र काळा आलाय. उजेड त्याच्या मागे होता, तो तुझ्या पाठीशी हवा. पांढरा पुठ्ठा वापर. आईंनी भिंग लावून पाहणी केली आणि निकाल दिला की मुलीला नजर आहे, पण हात हलतो, लहानपणी दूधही असंच सांडायची. मोज्यात तांदूळ भर.

इथे जेवणाच्या खोलीत आम्ही दोरी बांधून, कपड्यांचे चिमटे लावून सगळ्यांचे फोटो टांगले. पासपोर्टवाले काका दुकान बंद करून बघायला आले. लांब केसांच्या बाईंच्या फोटोसमोर ते बराच वेळ थांबले आणि मला म्हणाले, एवढी वर्षं मी माणसांना फक्त 'कान दिसू देत' एवढंच सांगत आलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुठ्ठ्याच्या उरलेल्या कडा कापून सगळ्या फोटोंना चौकटी करून दिल्या.

भाऊजींचा फोटो पाठव एखादा. तू त्यांच्याबद्दल काहीच लिहीत नाहीस.

तुझी वहिनी


२८ जून

लाडके वन्सं,

तुझं पाकीट काल मिळालं. आतल्या चिठ्ठीवर तू लिहिलं होतंस, 'आईला दाखवायचा की नाही ते तू ठरव.'

मी ते ठरवायच्या आधी फोटो बघत बसले. तू फोन कुठे ठेवला होतास? बहुतेक दाराबाहेर, जिन्यावर. सगळं आलंय. एक खोली. शेगडी आणि पलंग एकमेकांना लागून. दोरीवर वाळणारा तुझा कामाचा कोट. पलंगावर एक उशी आणि तिच्या कडेला तू, गुडघ्यांवर हात ठेवून, आईंसारखीच सरळ. तुझा हात हलला नाही या वेळी.

चिठ्ठीत एवढंच, की आमच्या सह्या झाल्या त्याच सुमारास भाऊजी घर सोडून गेले. माझा फोन आला की तुला तुझंच आठवायचं, म्हणून तू मला बंद करून टाकलंस. आईला फोनवर सांगत राहिलीस की दोघं मजेत आहोत. त्या तुला सांगत राहिल्या की घरात सगळं आहे तसंच आहे. मायलेकी एकमेकींना केवढं जपत होतात, आणि दोघी एकेका खोलीत.

मी चिडले नाही, वन्सं. रडले मात्र. तू एकटी होतीस आणि मी इकडे छत्र्या मोजत बसले होते, आणि पत्रांखाली 'भाऊजींना नमस्कार' लिहीत होते.

ठरवलं होतं, आईंना इतक्यात दाखवायचा नाही. पण आज गेले तर त्यांनी नेहमीप्रमाणे माझी पिशवी स्वतःच उघडली. तुझ्या अक्षरातलं पाकीट काढलं. मी अडवायला हात पुढे केला, पण मग मागे घेतला. लपवालपवी करायचं आता माझ्या अंगात राहिलेलं नाही.

त्या फोटो घेऊन खिडकीशी गेल्या. भिंग लावून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघितला. शेगडी बघितली, कोट बघितला. पलंगापाशी भिंग थांबलं.

'एकच उशी आहे,' त्या म्हणाल्या.

मग त्यांनी फोटोतल्या तुझ्या केसांवरून अंगठा फिरवला, खरोखरच नीट करायचे असल्यासारखा, आणि फोटो स्वेटरच्या खिशात ठेवला. मला वाटलं, आता रडतील. त्या म्हणाल्या, 'तिला बोलाव. मला बघायला नको म्हणावं. मला तिला बघायचंय.'

तर मी बोलावते आहे. सुट्टी किती मिळेल ते बघ, आणि नाही मिळाली तर त्या कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरांना सांग की घरचं माणूस आजारी आहे. खोटं नाही ते, तू स्वतः घरचं माणूसच आहेस. इथे पाहुण्यांना राहता येत नाही, पण माझ्याकडे दुसरी खाट आहे. माझी खोलीही एकच आहे, म्हणजे तुला सवय असेलच. उशी मी आजच आणली.

परत जायचं की नाही, कधी जायचं, ते कुणी विचारणार नाही. आईंनी तसा मला दम भरलाय.

गाडी कुठली ते कळव. स्टेशनवर मी येईन. कॅमेरा आणणार नाही. दोन्ही हात मोकळे ठेवणार आहे.

तुझी
वहिनी